तिसऱ्या गेरात अकोला

अमरावतीहून अकोल्याले लोक दोन तासांत जातात. मधात चहा घेतला तर सव्वादोन. आमाले दोन दिवस लागले, आणि तेही गुळगुळीत चौपदरी रस्त्यानं. म्हणून ह्या रस्त्याबद्दल लिहायचा माह्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाले नाही. बाकीच्यायनं हा रस्ता काचेतून पाहिला असंन. मी त्याचा एकेक दगड, एकेक बाभूळ वळखतो.

मी गोलू. भातकुलीच्या शाळेत शिकलो, अमरावतीत राहतो आणि आवाज काढतो. मिक्सर, म्हैस, आमचे हेडमास्तर, लाइट गेल्यावर बंद पडणारा पंखा, सगळे. लोक हळदीले बोलावतात, गणपतीत बोलावतात. घरी मात्र सगळे म्हणतात की ह्या पोरानं स्वतःच्या आवाजात काही काम केलं तर बरं होईन.

ह्या प्रवासाचे खरे मालक मोठेबाबा, म्हणजे माह्या वडलाचे मोठे भाऊ. बत्तीस वर्षं एसटी चालवली. धारणीची गाडी, मेळघाटातली वळणं, समोरून अस्वल आलं तरी न डगमगणारा माणूस. रिटायर झाले आणि डावा गुडघा गेला. ऑपरेशननंतर डॉक्टरनं सांगतलं की आता क्लच दाबायचा नाही. मोठेबाबा चार महिने ओट्यावर बसून जाणाऱ्या येणाऱ्या गाड्यायचे गेर मोजत. मंग पुण्याच्या प्रशांतदादानं, त्यायच्या पोरानं, एक जुनी आटोम्याटिक गाडी आणून देली. क्लचच नाही. मोठेबाबा पुन्हा ड्रायवर झाले.

पण दिवाळीच्या आधीपासून गाडी बिघडली. मधातच झटका देई, समोर पिवळा लाइट लागे, आणि गाडी तिसऱ्या गेरात जाऊन बसे. मंग पयला नाही, दुसरा नाही, चौथाही नाही. दोनदा ट्रॅक्टरनं ओढून आणा लागली. प्रशांतदादानं पुण्याहून निर्णय देला: गाडीच खराब निघाली, विकून टाकू, रविवारी अकरा वाजता एक माणूस पाहायले येते. दुसरी आटोम्याटिक घ्यायचं नाव नाही. म्हणजे रविवारनंतर मोठेबाबा कायमचे ओट्यावर.

मोठेबाबानं पिवळ्या लाइटवर मोठीआईची, म्हणजे त्यायच्या बायकोची, टिकली लावून टाकली होती. लाइट दिसाचा बंद झाला, झटके बंद झाले नाही. अमरावतीच्या गॅरेजवाल्यानं सांगतलं, गेरबॉक्सच बदला. जाताजाता म्हणे, अकोल्याले वानखडे सर म्हणून हायेत, आटोम्याटिकचं त्यायलेच समजते, एकदा दाखवून पाहा. तो गुरुवार होता.

शुक्रवार. बडनेऱ्याच्या पुढं

सकाळी आठले निघालो. मोठीआईनं शिदोरी देली: ज्वारीच्या भाकरी, भरली वांगी, हिरव्या मिरचीचा ठेचा. मोठेबाबा म्हणे, दोन तासाचा रस्ता हाय. मोठीआईनं डब्यात आणखी चार भाकरी टाकल्या. त्या गाडीवर तिचा अभ्यास आमच्याहून जास्त होता.

बडनेऱ्याचा पूल उतरेपर्यंत गाडी लग्नातल्या नवरीसारखी शांत. पूल उतरलो आणि खालून एक टक् झालं, मंग घुर्र, मंग गाडी अशी दचकली जशी झोपलेल्या माणसाच्या पोटावर पाल पडली. टिकलीच्या कडेनं पिवळा उजेड बाहेर आला, ग्रहणासारखा. काटा चाळीसवर आणि तेथीच मुक्काम.

चाळीसनं चौपदरी रस्ता पाहाचा असंन तर सोबत चांगला माणूस पाहिजे. दोन्हीकडं काळी जमीन, पऱ्हाटी पांढरी फुटलेली, मधात तुरीच्या ओळी. एका वावरात कापूस वेचणाऱ्या बायका आमाले पाहाले उभ्या राहिल्या. पाहून झालं, त्या खाली वाकल्या, अर्धी ओळ वेचून पुन्हा उभ्या राहिल्या, आमी त्यायच्या समोरच होतो. एकीनं हात हलवला. मीबी हलवला. मंग दोघायलेही कळेना की हात खाली केव्हा घ्यावा.

मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीले मोठेबाबा खिडकीतून हात दाखवून पुढं जाऊ देत, जसं काही तेच परवानगी देऊन राहिले. कापसानं भरलेला एक ट्रॅक्टर आमच्या बाजूले आला. ट्रॅक्टरवाल्यानं चालत्या ट्रॅक्टरवरूनच चौकशी केली, कोणी बिमार हाय का, मयतीले चालले का. नाही म्हणलं तर त्यानं टायरकडं पाहिलं, हवा कमी असंन असं निदान केलं, आणि पुढं निघून गेला. कापसाचे चारदोन पुंजके आमच्या काचेवर ठेवून गेला.

मूर्तिजापूरले गाडी जरा थंड होऊ द्यावी म्हणून टपरीवर थांबलो. इकडं जमिनीतलं पाणी खारं, त्यामुळं चहात साखर आणि मीठ दोघं भांडतात आणि दोघंही हरत नाही. टपरीवाल्यानं विचारलं, आवाज कसा येते? आता हे मले विचाराले नोको होतं. मी टक् काढला, घुर्र काढला, दचकाही काढला. लोकायनं पुन्हा एकदा म्हणलं. दुसऱ्या वेळी मी घुर्रले थोडा खर्ज लावला. तिसऱ्या वेळी मधात एक शिट्टी टाकली, जी गाडीत कधीच नव्हती, पण जमली मस्त. पाचव्या वेळेपर्यंत पंधरा माणसं जमली आणि शिट्टीवर निदान सुरू झालं. एक म्हणे टर्बो गेला. एक म्हणे पट्टा. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटून ऐकलं आणि ही गाडी कोण्या बाईच्या नावावर हाय का विचारलं.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक माणूस ओरडत आला. मोठेबाबानं टपरीशी वळताना हॉर्न वाजवला होता, दोन लांब आणि एक आखूड, त्यावरून गावंडे कंडक्टरनं वळखलं. ह्या दोघायनं अकरा वर्षं धारणीची गाडी सोबत चालवली. गावंडेकाका आमाले जबरदस्तीनं घरी घेऊन गेले आणि रोडगे लावायले सांगतलं.

ज्यायनं वऱ्हाडात रोडगे खाल्ले नाही त्यायच्यासाठी सांगतो. हे कणकेचे गोळे, गोवऱ्याच्या आरात भाजतात, मंग फोडून तुपात बुडवतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. भाजायले दोन तास, खायले एक तास, आणि खाल्ल्यावर माणसाले उठता येत नाही. पुण्याले पाहुण्याले विचारतात, जेवून आले असाल ना? आमच्याकडं पाहुण्याले विचारतच नाही, त्याच्या हालचाली बंद करून टाकतात. चार वाजता मोठेबाबा म्हणे, निघू. आणि तसेच आडवे झाले. असा आमचा पयला दिवस साठ किलोमीटरच्या आत संपला.

शनिवार. मूर्तिजापूर ते अकोला

सकाळी उठून पाहिलं तर मोठेबाबा गाडीखाली. एक पाय ताठ बाहेर, बाकीचा माणूस आत. मी विचारलं, काय करून राहिले? आतून आवाज आला, तेल पाहून राहिलो. तेल पाहून बाहेर आले आणि हात विहिरीवर लय वेळ धुतले. मले वाटलं, ड्रायवर माणूस, सवय असंन.

गावंडेकाका म्हणे मीबी येतो. मागच्या सीटवर बसले. मोठेबाबानं गाडी सुरू केली, गेर टाकला आणि तसेच बसून राहिले. मी म्हणलं चला. हलले नाही. मंग गावंडेकाकानं गाडीच्या टपाले बोटानं दोनदा टकटक केलं. त्याबरोबर गाडी निघाली. बत्तीस वर्षं घंटीचे दोन टोले पडल्याशिवाय ह्या माणसानं गाडी हलवली नाही. घरी हे काम मोठीआई करते, असं मले त्या दिवशी कळलं.

ह्यात एक अडचण होती. एक टोला म्हणजे थांबा. आणि गावंडेकाकाले बोरगाव मंजूपर्यंत तीनदा लघवीले लागली. गाडी कालच्याहून जास्त बिघडली होती, उभ्याची निघतानाच तिसऱ्या गेरात निघे, म्हणजे दम्याचा माणूस जिना चढते तशी. दर टोल्यानंतर पुन्हा स्पीड धरायले अर्धा किलोमीटर जाई. शेवटी ठरलं की काकानं उतरायचं, पण गाडी थांबणार नाही, हळू फिरत राहीन. एका पेट्रोल पंपावर आमी पाच चकरा मारल्या. पंपावाले प्रत्येक चकरेले टोपी सरळ करत.

अकोल्यात आलो तेव्हा ऊन असं की नोव्हेंबर हाय हे कॅलेंडरलेच माहीत. अमरावतीत रस्ता विचारला तर माणूस हनुवटीनं दाखवते. अकोल्यात माणूस सांगत नाही, गाडीसोबत चालाले लागते. आमच्या स्पीडले त्याले ते जमलंही. वानखडे सरायच्या गॅरेजच्या दारापर्यंत तो गप्पा मारत चालत आला.

वानखडे सर आयटीआयमधी शिकवत होते. रिटायर झाले, पण शाळा सुटली नाही. गॅरेजमधी बुद्धाचा फोटो, त्याच्या खाली फळा, फळ्यासमोर बाक. गाडीले हात लावायच्या आधी मालकाले बाकावर बसवतात. आमी तिघं बसलो. मी दहावीनंतर पयल्यांदा सरळ बसलो.

सरायनं विचारलं, आवाज कसा येतो? मी उभा राहून काढला, शिट्टीसकट. सरायनं ऐकता ऐकता चष्मा पुसला आणि म्हणाले, "यात गाडीचा किती आणि तुझा किती?"

मी शिट्टी काढून टाकली. खर्ज काढून टाकला. उरला एक टक् आणि लहानसा घुर्र. सर म्हणाले, आता बस.

मंग त्यायनं स्टेअरिंगखाली स्कॅनर जोडला. त्यावर लिहून आलं की गेरबॉक्सच्या तेलाचा दाब सांगणारा सेंसर वेडंवाकडं बोलून राहिला. सरायनं फळ्यावर चित्र काढलं. तेलाच्या दाबावर गेर बदलतात. दाब किती हे सेंसर सांगते. ऐकणारा गाडीचा कम्प्युटर. सेंसर एकदा म्हणते दाब खूप, एकदा म्हणते काहीच नाही, मंग कम्प्युटर घाबरते आणि तिसरा गेर धरून बसते, कारण त्यात गाडी जळत नाही आणि घरी पोचते. सरायनं मले विचारलं, मग दोषी कोण? मी म्हणलं सेंसर. सर म्हणाले, घाई केलीस. आधी बघू, दाब खरंच कमी आहे की सांगणारा खोटं बोलतो आहे.

तेल पाहिलं, लाल आणि पुरं, जळका वास नाही. मंग गेरबॉक्सच्या वरच्या बाजूले, दाब तपासायच्या भोकात काट्याचं मीटर लावलं आणि मोठेबाबाले गाडी चालू कराले सांगतली. गावंडेकाकानं टपाले दोन टोले देल्ले. काटा वर गेला आणि नेमका पाहिजे तेथी जाऊन थांबला. गेरबॉक्स एकदम ठणठणीत. मोठेबाबानं माह्याकडं असं पाहिलं जसं दहावीचा निकाल लागला.

मंग सरायनं गाडी रॅम्पवर चढवली, आणि टॉर्च घेऊन खाली गेले.

"भाऊ," सरायनं खालून विचारलं, "हा कोणत्या कंपनीचा पार्ट आहे?"

आमी खाली वाकून पाहिलं. सेंसरकडं जाणाऱ्या वायरच्या गुच्छाले लिंबू-मिरच्या बांधल्या होत्या. एक जोडी नाही, सात. सगळ्यात वरचं लिंबू ताजं पिवळं, त्यातून रस गळून राहिला होता, थेंब थेंब, बरोबर सेंसरच्या कनेक्टरमधी. कनेक्टरच्या पिना हिरव्यागार.

मोठेबाबा म्हणे, कोणी दुश्मनानं केलं असंन.

सरायनं टॉर्च तोंडात धरली. सातही लिंबं सोडली आणि बाकावर ओळीनं मांडली. ताजं, मऊ पडलेलं, सुरकुतलेलं, तपकिरी, काळं, असं करत शेवटचं सुपारीसारखं. ज्याले कॅलेंडर वाचता येते त्याले शनिवार मोजता येत होते. सकाळी विहिरीवर एवढा वेळ हात काहून धुतले हेही मले कळलं.

मंग मोठेबाबानं सांगतलं. गाडी आली तेव्हा सगळी गल्ली पाहून जाई, क्लच नसलेली गाडी म्हणून. नजर लागू नये म्हणून लिंबू-मिरची बांधली. प्रशांतदादा म्हणाला पुढं लटकवू नका, लोक हसतात. म्हणून खाली, कोणाले दिसणार नाही अशी. मंग झटके सुरू झाले. नजर जास्त असंन म्हणून दर शनिवारी एक जोडी वाढवली. गाडी आणखी बिघडली. आणखी वाढवली. म्हणजे गाडी जेवढी बिघडे तेवढी लिंबं वाढत, आणि लिंबं वाढली की गाडी बिघडे. गावंडेकाकानं टपाकडं पाहिलं. मी जमिनीकडं. सर मात्र हसले नाही. सरायनं फळ्यावर लिंबाचा थेंब काढला आणि त्याच्यापासून कनेक्टरपर्यंत बाण काढला.

सेंसर बदलला. कनेक्टर ब्रशनं घासून, फवारा मारून, वाळवून चकाचक केला. स्कॅनरनं जुना कोड मिटवला. मंग बाळापूर रोडले चक्कर मारली, स्कॅनर माह्या मांडीवर. पयला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. मधात कोठी दचका नाही. आकडे वर चढत, खाली उतरत, एकदम शिस्तीत. मोठेबाबानं टिकली काढून खिडकीबाहेर टाकली.

परत आलो तर सर कागद लिहून राहिले होते. आमाले तोच पाहिजे होता, प्रशांतदादाले पाठवाले, की गाडीत दोष नाही. कागदावर लिहिलं होतं: गेरबॉक्स निर्दोष. बिघाडाचे कारण, लिंबू.

मोठेबाबा हळूच म्हणे, सर, उंदीर लिहा ना. उंदरं वायरी कुरतडतात, सगळीकडं चालते.

सर म्हणाले, "उंदरानं गाठ मारलेली मी अजून पाहिली नाही." आणि सही केली.

आता अशी गोष्ट होती. कागद पाठवला तर गाडी वाचते, पण बत्तीस वर्षांच्या ड्रायवरनं स्वतःच्या हातानं गाडी बिघडवली हे पोराले कळते. नाही पाठवला तर उद्या अकरा वाजता माणूस येते. मोठेबाबा बाकावर बसले, लिंबायच्या बाजूले. तेवढ्यात फोन वाजला. प्रशांतदादाचाच. मोठेबाबानं फोन माह्या हातात कोंबला आणि कानात म्हणे, तू सांग. माह्या आवाजात सांग.

मी आजवर लय लोकायचे आवाज काढले, पण माणूस समोर बसलेला असताना, त्याच्याच पोराले, त्याच्याच हुकमानं, हे पयल्यांदाच. फोन स्पीकरवर टाकला. घसा खाकरला, मोठेबाबा खाकरतात तसा, दोन लांब एक आखूड.

"प्रशांत, मी बोलून राहिलो. गाडी चांगली हाय. खराब मीच केली. लिंबू बांधत होतो वायरले. चूक माहीच होती."

पुण्याच्या शांततेत एसीचा आवाज येते. मंग दादा म्हणाला, "गोलू, बाबांना फोन दे."

मी चाट पडलो. आवाज एकदम बरोबर होता, गावंडेकाकाबी मान हलवून राहिले होते. मी विचारलं, कसं वळखलं?

"माझ्या जन्मात त्यांनी चूक माझी असं वाक्य बोललेलं नाही. दे फोन."

मी फोन पुढं केला. मोठेबाबानं सरायकडं पाहिलं, गावंडेकाकाकडं पाहिलं. गावंडेकाकानं बाकाले बोटानं दोन टोले देल्ले.

मोठेबाबा म्हणे, "हो. मीच बांधले. सात."

मंग दादा तिकडं काय बोलला ते मोठेबाबानं स्पीकर बंद केल्यामुळं ऐकू आलं नाही. ते नुसते हो हो म्हणत होते. एकदा म्हणे, नाही बांधणार. एकदा म्हणे, गुडघा बरा हाय. फोन ठेवला आणि आमाले सांगतलं की रविवारचा माणूस येणार नाही.

गावंडेकाकाले मूर्तिजापूरले सोडलं. रोडग्याचं नाव निघायच्या आत मोठेबाबानं गाडी पुढं काढली. ऊन उतरलं होतं, काटा ऐंशीवर होता आणि वावरं भराभर मागं चालली होती, एकाही बाईचं तोंड नीट दिसत नव्हतं. मी बोलत नव्हतो, कारण कोणत्या आवाजात बोलावं ते समजत नव्हतं.

बडनेऱ्याचा पूल दिसाले लागला तेव्हा त्यायनं विचारलं, "माहा आवाज खरंच असा येते का?"

मी म्हणलं, जवळपास असाच.

"मंग चूक सांगताना एवढा बारीक काहून केला? पुढच्या वेळी मोठ्यानं सांगत जाय," मोठेबाबा म्हणे, आणि पुलावर एका ट्रकले ओव्हरटेक केलं.